22 किलो ढोबळी मिरची: खोकी आल्यापासून शेवटच्या पुडीपर्यंत

2 फेब्रुवारी 2024, शुक्रवार. रात्री साडेनऊ वाजता माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला. नारायणगावजवळ त्यांचे दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस आहे आणि त्यात ते लाल आणि पिवळी ढोबळी मिरची घेतात, तर शेजारच्या शेडनेटमध्ये हिरवी असते. "वहिनी, भाव पार पडलाय. तोडा थांबवता येत नाही आणि मार्केटला पाठवलं तर गाडीभाडंसुद्धा सुटायचं नाही. उद्या दोन खोकी एसटीनं पाठवतो, तुम्ही जमेल तशी वापरा आणि वाटा," असे ते म्हणाले. तोडा का थांबवता येत नाही, हे त्यांनी मला पूर्वीच समजावले होते: तयार फळे झाडावर तशीच राहिली, तर त्यांचा भार झाडावर पडतो आणि पुढची फुले-फळे नीट धरत नाहीत. त्यामुळे भाव असो वा नसो, फळ उतरवावेच लागते. एवढ्या कष्टाने वाढवलेला माल बांधावर टाकून द्यायचा, ही कल्पना मला सहन होईना, म्हणून मी लगेच होकार दिला. चार माणसांच्या घरात 22 किलो मिरची म्हणजे नेमके काय, हे मात्र खोकी घरात आल्यावर समजले.

पार्सल पाठवताना दिरांनी पावतीचा फोटो मला पाठवला आणि तो फार उपयोगी पडला. पावतीवर नगांची संख्या, वजन, मालाचे वर्णन आणि घेणाऱ्याचे नाव होते; त्यामुळे पुण्यात वाकडेवाडीच्या बसस्थानकावर फक्त पावती क्रमांक सांगून आणि आधारकार्ड दाखवून सही करण्याचे काम उरले. दोन खोक्यांचा खर्च हमालीसह 170 रुपये आला, तो गावीच भरलेला होता. चाकणला वाहतूक तुंबल्यामुळे गाडी सुमारे दीड तास उशिरा, दुपारी पावणेतीनला लागली. माझी एकच विनंती आहे की असा नाशवंत माल येणार असेल, तर गाडी लागण्याच्या वेळीच स्थानकावर हजर राहावे आणि पावतीवर आपले नाव आधारकार्डावर आहे तसेच लिहायला सांगावे. तिथून घरापर्यंत रिक्षाचे 140 रुपये झाले.

खोकी उघडण्यापूर्वी मी जमिनीवर दोन जुन्या सुती चादरी पसरल्या. एका खोक्यात 11 किलो हिरवी, तर दुसऱ्यात तेवढीच लाल आणि पिवळी मिश्र होती. एकेक मिरची हातात घेऊन देठ, तळ आणि चारही बाजू पाहायच्या आणि चार ढिगांपैकी एकात ठेवायची, या कामाला अडीच तास लागले. ज्यांचा देठ हिरवा आणि ताठ आहे, साल तुकतुकीत आहे आणि अंगठ्याने दाबल्यावर जी दबत नाहीत, ती फळे पहिल्या ढिगात गेली. किंचित सुरकुतलेली दुसऱ्यात, प्रवासात चेपलेली किंवा चीर गेलेली तिसऱ्यात आणि देठाशी मऊ पडलेली किंवा बुरशीचा डाग असलेली चौथ्यात. सगळ्या पुढच्या कामाचे वेळापत्रक या चार ढिगांनी ठरवले, आणि माझ्या मते या संपूर्ण खटाटोपातले सर्वांत महत्त्वाचे काम हेच होते. चेपलेली मिरची उद्याच्या पलीकडे थांबत नाही, सुरकुतलेली दोन-तीन दिवस थांबते आणि ताठ मिरची आठवडाभर निभावते. तेव्हा ज्या क्रमाने ती बिघडणार, त्याच क्रमाने हाती घ्यावी. चौथा ढीग सुदैवाने अर्ध्या किलोचाच निघाला. आपल्याकडे कोणी हिला ढोबळी म्हणते, मुंबईकडे भोपळी, माझ्या कोल्हापूरच्या मैत्रिणीकडे ढबू आणि विदर्भात सिमला मिरची. त्या दिवशी पाच किलो मिरची शेजारी वाटताना ही चारही नावे मी एकाच जिन्यात ऐकली.

साठवणीची पहिली चूक मी त्याच रात्री केली. घाईघाईत तीन किलो मिरच्या धुऊन, नीट न पुसताच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड गाठ मारून बंद केले आणि जागा नव्हती म्हणून पिशवी फ्रिजच्या अगदी मागच्या बाजूला, थंड हवा येते तिथे ठेवली. चौथ्या दिवशी पिशवी काढली, तेव्हा पाच-सहा मिरच्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे खोलगट खड्डे पडले होते आणि देठांच्या खोबणीत चिकट पाणी साचले होते. नंतर वाचून कळले की ढोबळी मिरची मूळची उष्ण हवामानातली आहे. तिला साधारण 7 ते 10 अंश सेल्सिअस तापमान आणि भरपूर दमट हवा मानवते आणि अशा स्थितीत ती दोन ते तीन आठवडे टिकते, पण त्याहून खाली फार दिवस राहिली की थंडीने तिच्या पेशी दुखावतात. घरातला फ्रिज बहुतेक 4 अंशांच्या आसपास असतो, म्हणून तिची जागा खालच्या भाजीच्या कप्प्यातच. मी उरलेल्या मिरच्या न धुता, सुती कापडात सैलसर गुंडाळून, भोके पाडलेल्या पिशवीत ठेवल्या आणि कापड ओलसर लागले की बदलत गेले. अशा रीतीने ठेवलेल्या हिरव्या मिरच्या शेवटपर्यंत ताठ राहिल्या. धुवायचे ते चिरण्याच्या वेळीच, वाहत्या पाण्याखाली आणि देठाभोवतीची खोबण बोटाने चोळून, कारण धूळ आणि फवारणीचे अंश तिथेच बसून राहतात.

चिरण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण वीस किलो चिरताना पद्धत चुकली तर मनगट आणि वेळ दोन्ही जातात. मी प्रथम देठाकडची आणि तळाची पातळ चकती कापून टाकते, मग उभी एक चीर देऊन मिरची पाटावर आडवी करते आणि सुरी आतल्या अंगाने पोळी लाटावी तशी सपाट सरकवत नेते. पांढऱ्या शिरा आणि बियांचा गोळा एका तुकड्यात बाहेर येतो आणि बिया ओट्यावर उडत नाहीत. मिळालेली पट्टी चिरताना आतली बाजू वर ठेवावी. सालीवर सुरी घसरते, आतल्या ओलसर गरावर ती धरून राहते. प्रत्येक मिरची उघडून पाहिल्याशिवाय अख्खी वापरू नये, हेही मी शिकले. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या एका लाल मिरचीत बियांभोवती काळसर बुरशीची कापसासारखी गादी होती. ती मी संपूर्ण टाकली. दुसऱ्या एका पिवळ्या मिरचीच्या पोटात मात्र करंगळीच्या पेराएवढी, फिकट हिरवी, बिनदेठाची आणखी एक मिरची वाढलेली होती. माझी धाकटी मुलगी ती तळहातावर घेऊन बराच वेळ बसली होती. अशी आतली मिरची निरुपद्रवी असते आणि खुशाल खाता येते. तळाला तीन उंचवटे असलेली मिरची नर आणि चार असलेली मादी, असे मला भाजीवाल्यांनी अनेकदा सांगितले आहे, पण त्यात तथ्य नाही. या झाडाच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात आणि उंचवट्यांची संख्या वाणावर आणि वाढीच्या परिस्थितीवर ठरते.

रविवारी, 4 फेब्रुवारीला, चेपलेल्या मिरच्यांची पीठ पेरून भाजी केली. अर्धा किलो मिरचीला एक वाटी बेसन हे आमच्या घरचे प्रमाण आहे. बेसन आधी कोरडेच मंद आचेवर खमंग भाजून घेतले. तेल नेहमीपेक्षा सढळ, म्हणजे तीन पळ्या; मोहरी, हिंग, हळद यांच्या फोडणीत मिरची मोठ्या आचेवर झाकण न ठेवता पाच-सहा मिनिटे परतली आणि मीठ, तिखट हे बेसनाबरोबरच घातले. मीठ आधी घातले की मिरचीला पाणी सुटते, बेसन त्यात भिजते आणि भाजी गिच्च होते. शेवटी पाण्याचा एक हबका मारून चार मिनिटे वाफ आणली. सोमवारी लहान आकाराच्या हिरव्या मिरच्या दाण्याचे कूट, खोबरे, तीळ आणि गोडा मसाला भरून केल्या, आणि गुरुवारी सासूबाईंनी पंचामृत केले. "चिंच सगळ्यात शेवटी घाल गं, नाहीतर मिरची शेवाळासारखी दिसेल," असे त्यांनी मला बजावले. त्यामागचे कारण असे की आंबटामुळे पानांतल्या आणि फळांतल्या हिरव्या रंगातला मॅग्नेशियमचा अणू निघून जातो आणि रंग मळकट, तपकिरीकडे झुकतो. सासूबाईंनी हे पुस्तकात वाचलेले नाही, त्या चाळीस वर्षे पंचामृत करत आल्या आहेत. आठवडाभरात अशी चार किलो मिरची ताजीच पानात गेली.

5 ते 7 फेब्रुवारी या तीन संध्याकाळी पाच किलो हिरवी मिरची गोठवली. मटार किंवा फरसबीप्रमाणे हिला उकळत्या पाण्यातून काढावेच लागत नाही, ही माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या बाईसाठी मोठी सोय आहे. फक्त शिजवूनच वापरायची असेल आणि फ्रीजरमध्ये जागा वाचवायची असेल, तर कापांना दोन मिनिटे वाफ किंवा उकळी देऊन लगेच गार पाण्यात टाकता येते. पहिल्या दिवशी मी काप धुऊन ओले असतानाच पिशवीत भरले आणि सकाळी विटेसारखा एकसंध गोळा हाती आला, त्यातून हवी तेवढी मिरची काढणे अशक्य झाले. दुसऱ्या दिवसापासून काप कापडावर तासभर सुकवले, स्टीलच्या ताटात एकमेकांना न चिकटतील असे पसरून तीन तास फ्रीजरमध्ये ठेवले आणि कडक झाल्यावर पाव-पाव किलोच्या पुड्या हवा काढून बंद केल्या. साफ केल्यावर पाच किलोचे जेमतेम चार किलो झाले, म्हणजे सोळा पुड्या. प्रत्येकीवर तारीख आणि वजन लिहिले. गोठवलेल्या मिरचीचा कुरकुरीतपणा जातो, तो परत येत नाही, त्यामुळे कोशिंबिरीसाठी तिचा उपयोग नाही. मसालेभातात, पावभाजीत किंवा पिठल्यात मात्र ती न वितळवता थेट फोडणीत टाकावी.

लाल मिरचीवर माझा विशेष जीव होता. हिरवी ही खरे तर अपक्व अवस्था. झाडावर आणखी काही आठवडे राहून पिकलेल्या लाल मिरचीत गोडी अधिक असते आणि क जीवनसत्त्वही हिरवीच्या सुमारे दीडपट असते. 10 आणि 11 फेब्रुवारीला, शनिवार-रविवार धरून, चार किलो लाल मिरची गॅसवर जाळी ठेवून भाजली. प्रत्येकीला सहा ते आठ मिनिटे लागतात आणि साल सर्व बाजूंनी काळी, फोड आलेली दिसेपर्यंत धीर धरावा लागतो, कारण अर्धवट भाजलेली साल गराला धरून राहते. मग मिरच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावले. पंधरा मिनिटांनी झाकण काढल्यावर धुराचा आणि गोड गराचा जो वास आला, त्याने घरातले सगळे स्वयंपाकघरात आले. साल बोटांनी अलगद सुटते. राहिलेले काळे कण कापडाने पुसावेत, नळाखाली धरू नये, नाहीतर सगळा रस आणि तो वास वाहून जातो. सव्वादोन किलो गर मिळाला, तो पाव किलोच्या नऊ पुड्यांत चपटा पसरून गोठवला. भाजलेली मिरची नुसती फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवसांत संपवावी.

याच वेळी एका शेजारणीने मनापासून सुचवले की हा गर बरणीत घालून वर तेल ओतले की बाहेर महिनोन्महिने टिकेल. इथे मी कळकळीने सांगते की असे करू नये. ढोबळी मिरची आंबट नाही आणि तेलाखाली हवा पोचत नाही. मातीतून भाजीवर येणाऱ्या बोटुलिनम जिवाणूच्या बीजाणूंना नेमकी हीच परिस्थिती वाढायला लागते. साध्या उकळीने हे बीजाणू मरत नाहीत, त्यांना दाबाखालचे 121 अंशांचे तापमान ठरावीक वेळ मिळावे लागते, आणि त्यांचे विष वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. आपल्या कैरीच्या लोणच्याला तेल चालते, कारण तिथे कैरीची आंबटी आणि भरपूर मीठ आधीपासून राखण करत असतात. तेलातली मिरची हवीच असेल, तर थोडीच करावी, फ्रिजमध्ये ठेवावी आणि चार दिवसांत संपवावी.

व्हिनेगरमधली मिरची मी केवळ एक किलोची केली. बाहेर टिकवण्याच्या ज्या कृती मी पाहिल्या, त्या 5 टक्के आम्लतेच्या व्हिनेगरसाठी होत्या, आणि माझ्या हातातल्या बाटलीवर 4 टक्के लिहिले होते. म्हणून त्यात पाणी मिसळले नाही, मीठ, साखर, लसूण आणि मिरे घालून उकळलेले व्हिनेगर गरमच पिवळ्या कापांवर ओतले, बरणी गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवली आणि महिन्याच्या आत संपवली. बाटलीवरचा हा आकडा वाचायला दोन सेकंद लागतात, तो अवश्य वाचावा.

12 फेब्रुवारीला शेवटची अडीच किलो, तोवर बरीचशी सुरकुतलेली लाल आणि पिवळी, वाळवायला घेतली. पुण्यात त्या दिवसांत हवा कोरडी असते आणि ऊन सणसणीत असते, म्हणून गच्चीवर जमले. कोकणात किंवा पावसाळ्यात उन्हावर विसंबू नये, तिथे 60 अंशांवर चालणारे वाळवणीचे यंत्र किंवा ओव्हनच बरा. बोटभर रुंदीचे काप जाळीच्या कापडावर एकेरी पसरले, वरून मलमलीचे कापड ताणून बांधले आणि रोज साडेपाच वाजता सगळे घरात आणले, कारण रात्रीच्या दवाने दिवसभराचे वाळणे वाया जाते. तिसऱ्या दिवशी काप बाहेरून सुके पण वाकवल्यावर चामड्यासारखे लवत होते. पाचव्या दिवशी, 16 तारखेला, ते कट्कन मोडू लागले. साफ केलेल्या दोन किलो शंभर ग्रॅम कापांचे वाळून साधारण 190 ग्रॅम झाले. ते काचेच्या बरणीत सैल भरून आठवडाभर रोज हलवले. या काळात काचेला आतून ओल दिसली असती, तर पुन्हा ऊन द्यावे लागले असते.

या वाळलेल्या मिरचीची सुके खोबरे, लसूण, तीळ आणि दाणे घालून चटणी केली आणि ती आमच्या बचत गटाच्या गुढीपाडव्याच्या टेबलावर, 9 एप्रिलला, ठेवावी असे ठरले. विकायचे म्हटल्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, मग पाकिटे दहा असोत वा हजार. या कामाची मला सर्वांत जास्त धास्ती होती, पण ते घरबसल्या झाले. वर्षाला 12 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी त्या वेळी परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरत असे आणि तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये होते. एक ते पाच वर्षांपैकी हवा तो काळ निवडता येत असे. 12 मार्चला फोस्कॉस या संकेतस्थळावर खाते उघडले, फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चढवला आणि एका वर्षाचे पैसे भरले. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर असल्यामुळे त्यांचे संमतीपत्र मी आधीच सही करून जोडले होते. सात दिवसांत मंजुरी, नकार किंवा तपासणीची सूचना मिळायला हवी, असा तेव्हा नियम होता. माझे प्रमाणपत्र सहाव्या दिवशी आले. त्यावरचा 14 आकडी क्रमांक, घटकपदार्थ, वजन, तारीख आणि पत्ता लेबलावर छापून घेतला, आणि दाणे आणि तीळ यांचा ठळक उल्लेख केला, कारण काही जणांना त्यांची बाधा होते. 100 ग्रॅमची नऊ पाकिटे झाली, ती 60 रुपयांप्रमाणे गेली.

एकूण खर्च पार्सल, रिक्षा, पिशव्या, बरण्या, व्हिनेगर आणि नोंदणी मिळून 900 रुपयांच्या आसपास झाला, त्यात तेल, गॅस आणि माझ्या अकरा संध्याकाळी धरलेल्या नाहीत. भाजलेल्या मिरचीची शेवटची पुडी 9 जूनला उघडली आणि दाण्यांबरोबर वाटून भाकरीशी खाल्ली. त्याच दिवशी दिरांना फोन करून पुढच्या हंगामासाठी सांगून ठेवले आहे की एकदम 22 किलो पाठवू नका, पंधरा दिवसांच्या अंतराने सात-सात किलो पाठवा, आधी हिरवी, मागून लाल, आणि देठ बोटाच्या पेराएवढा लांब ठेवूनच कापा.